पूजा पुरे, आता पाहा!

गेल्या वर्षी भाऊबिजेला मी नेहमीप्रमाणे सांगलीहून साताऱ्याला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणे झाले, चकल्या-अनारशांचे ताट पुढे आले, आणि तेवढ्यात आमचे भाचेराव माडीवरून खाली उतरले. थंडी म्हणावी अशी अजून पडायची होती, तरी गळ्यात मफलर; डोक्यावर तिरकी टोपी; आणि भिंतीवरच्या आरशात पाहत उजव्या हाताचा अंगठा ओठांवरून सावकाश फिरवणे चालले होते.

"ओठ फुटलेत का रे? जरा लोणी लाव," मी काळजीने म्हणालो.

"मामा, ही स्टाईल आहे. बेलमोंदोची. तुम्हांला नाही कळायची!"

त्यानंतर तासभर आम्हांला फ्रेंच चित्रपटांवर व्याख्यान ऐकावे लागले. ज्याँ गाबँचा चेहरा, ब्रिजित बार्दोचे केस, जान मोरोची चाल, कॅथरीन दनवचा कोट. साठ-सत्तर वर्षे झाली तरी या मंडळींचा रुबाब उतरलेला नाही, इत्यादी. इथपर्यंत माझी काहीच हरकत नव्हती. परंतु शेवटी भाचेरावांनी अनारशाचा तुकडा मोडत जो समारोप केला, तो माझ्या घशाखाली उतरेना. ते म्हणाले, "आपल्याकडे असं कुणी झालंच नाही, मामा. आपला जुना सिनेमा म्हणजे देव, पगड्या आणि रडणाऱ्या बायका!"

मी तोंड उघडणार, तोच बहीण म्हणाली, "अरे, मामांशी वाद घालत बसू नकोस, त्यांची शेवटची गाडी चुकेल." तेव्हा मी गप्प राहिलो. उत्तर सुचले ते एस. टी.त बसल्यावर. कऱ्हाड येईपर्यंत ते दुप्पट झाले आणि सांगलीच्या स्थानकावर उतरताना लक्षात आले, की यातले निम्मे भाच्याला द्यायचे आहे आणि निम्मे स्वतःलाच. त्याला आता वर्ष होत आले. दोन्ही हिस्से आज वाचकांच्या साक्षीने चुकते करतो.

आधी भाच्याचे जे खरे आहे ते मोकळ्या मनाने मान्य करू. फ्रेंच चित्रपट थोर आहे. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिले हलते चित्र दाखवले आणि पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, ते मुंबईच्या वॉटसन हॉटेलात येऊन पोहोचले. ज्या विद्येवर आपण पोसलो ती विद्या त्या घरची आहे. तेव्हा "परक्यांचे कशाला पाहायचे?" असे म्हणणाऱ्या कूपमंडूकांच्या पंगतीला मी बसणार नाही. जान मोरोला लुई मालच्या १९५८ च्या चित्रपटात रात्रीच्या पॅरिसमधून एकटीच चालताना ज्याने पाहिले, तो तिला विसरू शकत नाही. चेहऱ्यावर नटवी रंगभूषा नाही, खास टांगलेले दिवे नाहीत. दुकानांच्या काचेतून जो उजेड रस्त्यावर पडेल तेवढ्यावर कॅमेरा चालतो आहे, आणि मागे माइल्स डेव्हिसचा ट्रंपेट. बाई प्रियकराला शोधते आहे आणि तो सापडत नाही, एवढेच काय ते घडते. पण त्या चालीत जो डौल आहे तो कोणत्याही शिंप्याने शिवलेला नाही.

आणि नेमके इथेच भाचेराव फसले. त्यांना वाटते, डौल म्हणजे मफलर. त्यांना वाटते, डौल म्हणजे ओठांवरचा अंगठा. आता त्या अंगठ्याची वंशावळ ऐका. १९६० साली गोदारच्या चित्रपटात बेलमोंदो ओठांवरून अंगठा फिरवतो तो हॉलिवुडच्या हम्फ्री बोगार्टचे पोस्टर पाहून! त्यातला तो भुरटा चोर बोगार्ट व्हायला निघाला आहे आणि त्याला ते साधत नाही. त्या न साधण्यातच त्या पात्राची सारी गंमत आणि सारे दुःख आहे. म्हणजे अमेरिकेची नक्कल करणाऱ्या फ्रेंच भुरट्याची नक्कल आमचा भाचा साताऱ्यात करतो, आणि मला म्हणतो, तुम्हांला नाही कळायची! बाबा रे, मला थोडी कळते. तुला ती कुठून आली हे ठाऊक नाही, एवढेच.

मराठीत डौल हा शब्द फार नेमका आहे. बैल डौलात चालतो म्हणतात, डोक्यावर घागर घेतलेली बाई डौलात चालते म्हणतात. घागरीचे ओझे आहे म्हणून मान ताठ आहे. ओझ्याखाली न वाकण्याची जी रीत, तिचे नाव डौल. ही व्याख्या घेऊन मी गाबँकडे पाहतो तेव्हा तो मला लख्ख दिसतो. कपडे गिरणी-कामगाराचे, चेहरा रांगडा, बोलणे तुटक. पण परिस्थितीने चेपलेला माणूस किती ताठ उभा राहू शकतो, ते त्याने दाखवले. आणि हीच व्याख्या घेऊन मी आपल्या कृष्णाकाठाकडे वळतो, तेव्हा भाच्याच्या "कुणी झालंच नाही" या वाक्याची मला कीव येते.

आता काही जण म्हणतील, चित्रपट म्हणजे कोल्हापूर आणि पुणे. त्यात सातारा-सांगलीचा काय संबंध? संबंध आहे आणि तो चांगला घट्ट आहे. मुळात ही दोन घरे एकाच वाड्यातली. १९४९ पासून आमच्या जिल्ह्याचे नावच दक्षिण सातारा होते. १९६० मध्ये त्याचे सांगली झाले. या वाड्याने मराठी पडद्याला स्टुडिओ फारसे दिले नसतील. पण पडद्यावरच्या माणसांना ताठ उभे राहायला जे कारण लागते, ते दिले.

पुरावा मागाल तर 'कुंकू'पासून सुरुवात करतो. १९३७ सालचा हा प्रभातचा चित्रपट, दिग्दर्शक शांताराम. तो ज्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतला, ती ना. ह. आपट्यांची, आणि आपटे म्हणजे साताऱ्याजवळच्या कोरेगावात बसून आयुष्यभर लिहिणारा माणूस. विषय जरठ-कुमारी विवाहाचा. हा विषय आम्हां सांगलीकरांच्या घरचाच. सांगलीलगतच्या हरिपुरात जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांची 'शारदा' १८९९ मध्ये रंगभूमीवर आली आणि तिने महाराष्ट्राच्या डोळ्यांतून पाणी काढले. देवलांची शारदा गाते, रडते, आणि शेवटी नदीकडे धाव घेते. बिचारी दुसरे काय करणार? पण अडतीस वर्षांनी आपट्यांची आणि शांतारामांची नीरा नदीकडे धावत नाही. ती घरातच उभी राहते. मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली ही पोर स्वच्छ सांगते, की हे लग्न मला मान्य नाही. सावत्र मुलगा लगट करू लागतो तेव्हा ती त्याला चांगली बदडते. भाचेरावांच्या रडणाऱ्या बायकांच्या यादीत ही कुठे बसते, ते त्यांनी मला समजावून सांगावे.

ही नीरा झाली होती शांता आपटे. तिचे ते साधे लुगडे, कपाळावरची ती चिरी आणि ते डोळे पाहा. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक आहे, रस्त्यावरचे आवाज आहेत, पात्रे गातात तेवढेच गाणे आहे. आधाराला वाद्य नाही आणि समोर केशवराव दात्यांसारखा कसलेला नट, अशा स्थितीत ही तरुण मुलगी नुसती उभी राहते आणि पडदा भरून टाकते. जान मोरो मोकळ्या दिव्याविना चालली ती १९५८ मध्ये. आपली शांताबाई वाद्याविना उभी राहिली ती त्याच्या एकवीस वर्षे आधी. आणि हा ताठपणा पडद्यापुरता नव्हता. १९३९ मध्ये कराराच्या तंट्यावरून तिने प्रभातच्या फाटकाशीच उपोषण मांडले! स्टाईल, स्टाईल म्हणतात ती आणखी काय असते?

आता देवांकडे येतो, कारण भाच्याचा पहिला आक्षेप देवांवर आहे. १९३७ चा व्हेनिसचा चित्रपट महोत्सव घ्या. त्या महोत्सवात ज्याँ रेन्वारचा 'ला ग्रांद इल्युजिओं' दाखवला गेला. ज्याच्यावरून फ्रेंच लोक आजही जीव ओवाळून टाकतात तो युद्धकैद्यांचा चित्रपट, नायक अर्थात ज्याँ गाबँ. आणि त्याच वर्षी, त्याच महोत्सवात, प्रभातचा 'संत तुकाराम' दाखवला गेला आणि गौरवला गेला. दामले-फत्तेलालांनी १९३६ मध्ये केलेला आणि मुंबईत सत्तावन्न आठवडे चाललेला तो 'तुकाराम'. म्हणजे ज्या गावच्या पडद्यावर गाबँ झळकला, त्याच गावच्या पडद्यावर आमचे विष्णुपंत पागनीस चिपळ्या घेऊन उभे होते. जगाने दोघांना एका पंगतीत बसवले. पंगत मोडली ती आपण.

पुढे जाऊन मी असे म्हणतो, की 'तुकारामा'त देव आहेत म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्याने तो पाहिलेलाच नाही. त्यातली आवली पाहा. ती झालेली गौरी ही काही नावाजलेली नटी नव्हे. प्रभातच्याच आवारात झाडलोट करणारी साधी बाई. नवरा अभंगात रमलेला, घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलेले. तेव्हा ही बाई पोराला ओढत देवळात नेते आणि हातात पायताण घेऊन साक्षात पांडुरंगाला जाब विचारते! रेन्वारच्या चित्रपटात एक सरदार घराण्यातला अधिकारी मरणाला सामोरे जाताना हातांत पांढरे शुभ्र मोजे चढवतो. तो क्षण जगभर वाखाणला गेला, आणि योग्यच झाले. पण त्या पांढऱ्या मोज्यांत जो मानीपणा आहे, तोच या पायताणात आहे. मोजे सरदाराचे आणि पायताण कुणब्याच्या बायकोचे, म्हणून आपण एकाला स्टाईल म्हणायचे आणि दुसऱ्याला भाबडेपणा, हा कुठला न्याय?

आणखी एक दाखला देतो आणि पुरे करतो, नाही तर वाचक म्हणतील, म्हाताऱ्याने यादीच वाचायला घेतली. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत उभारली. भिंती नाहीत, गज नाहीत. माणसाच्या शब्दावर विश्वास. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी सांगलीत. त्याच माणदेशच्या मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावर कथा रचली आणि शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' केला. बर्लिनला त्याने रौप्य अस्वल मिळवले. दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' आला. पटकथा धाकट्या माडगूळकरांची, म्हणजे व्यंकटेशांची; गीते थोरल्यांची. त्यातल्या बुगडीच्या लावणीने साताऱ्याची वाट साऱ्या महाराष्ट्राला पाठ करायला लावली. पडद्यावर नाचली जयश्री गडकर आणि आवाज आशाबाईंचा, ज्यांचा जन्म आमच्या सांगलीकडचा. पुण्यात तो एकशे एकतीस आठवडे चालला. ज्या दुष्काळी मुलखात पिकायला पाणी नाही, त्या मुलखाने बर्लिनला अस्वल मिळवावे आणि पुण्याला अडीच वर्षे थेटरात बसवावे, याला काय म्हणावे?

इथे भाचेराव विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, "मामा, हे सगळं होतं, तर मला ते कुणी दाखवलं का नाही?"

या प्रश्नापाशी माझा आवाज खाली येतो. कारण हा दावा भाच्यावर लागू होत नाही. तो माझ्या पिढीवर लागू होतो, आणि त्यात पहिला आरोपी मी.

सत्तरीच्या दशकात आमच्या गावात चित्रपट पाहणाऱ्या पंचवीस-तीस जणांचे एक मंडळ होते आणि मी त्याचा चिटणीस. परदेशी वकिलातींकडून, पुण्याच्या संग्रहालयाकडून रिळांच्या पत्र्याच्या पेट्या यायच्या, त्या एस. टी.च्या टपावरून उतरवून घ्यायच्या आणि रविवारी सकाळी एखाद्या थेटराच्या मालकाच्या मेहरबानीने खेळ लावायचा, असा कार्यक्रम. आम्ही गोदार दाखवला, त्रुफो दाखवला, रेन्वार दाखवला. खेळानंतर उडप्याकडे बसून दोन-दोन तास चर्चा केली. यातल्या कशाचाही मला पश्चात्ताप नाही. पण चिटणीसपदाच्या सगळ्या वर्षांत मी एकही जुना मराठी चित्रपट लावला नाही. लावावा असे मनातही आले नाही.

थेटराचा ऑपरेटर म्हातारा होता. जत्रेतल्या तंबूत रिळे फिरवीत त्याची उमेद गेली होती. जान मोरोचा तो चित्रपट त्याने आमच्यासाठी चालवला आणि खेळ सुटल्यावर रीळ उलटे गुंडाळता गुंडाळता तो मला म्हणाला, "भाऊ, ही बाई चालती झ्याक. पर आमची शांताबाई हुबी ऱ्हायाची, त्ये कधी दावनार?"

मी हसलो. नुसता हसलो नाही, उडप्याकडे जाऊन ते वाक्य विनोद म्हणून चारचौघांना ऐकवले. 'कुंकू' मी तोवर पाहिलाच नव्हता! पुढे पंधरा वर्षांनी तो दूरदर्शनवर घरी बसून पाहिला आणि पहिल्या अर्ध्या तासातच मला त्या म्हाताऱ्याचा शब्द आठवला. त्याने एका ओळीत जे सांगितले होते, ते आमच्या मंडळातल्या एकाही चर्चेत निघाले नव्हते. एक डौल चालण्याचा आणि एक डौल उभे राहण्याचा. दोन्ही ओळखण्याची नजर त्याला होती आणि मला नव्हती. हे त्याला सांगायला मी गेलो तेव्हा तो जाऊन दोन वर्षे झाली होती.

फ्रेंचांचा डौल टिकला याचे श्रेय केवळ त्यांच्या नटनट्यांना नाही. तो टिकवला गेला. हेन्री लांग्लवा नावाच्या एका पछाडलेल्या माणसाने १९३६ मध्ये मित्रांच्या साथीने पॅरिसला सिनेमातेक उभे केले आणि जुनी रिळे जिथून मिळतील तिथून गोळा केली. गोळा करून कुलपात ठेवली नाहीत, रोज दाखवली. ती पाहत पाहतच त्रुफो-गोदारांची पिढी मोठी झाली. १९६८ च्या फेब्रुवारीत सरकारने या लांग्लवाला पदावरून हटवले, तेव्हा दिग्दर्शक, नट आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पोलिसांशी झटापटी झाल्या, आणि एप्रिलमध्ये सरकारला त्याला पुन्हा त्याच्या जागी बसवावे लागले. एका रिळे सांभाळणाऱ्या माणसासाठी! आपल्याकडे रस्त्यावर उतरण्याची वाण नाही. पण चित्रपट दाखवा म्हणून आपण कधी उतरलो? उतरलो ते बंद पाडण्यासाठी.

फ्रेंच काही जन्मजात शहाणे नव्हते, हेही सांगतो. त्यांच्या मेलिएसने वैतागून आपली निगेटिव्ह स्वतःच जाळली आणि तो म्हातारपणी पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकात खेळणी विकत बसला. रेन्वारच्या त्या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह जर्मनांनी उचलून बर्लिनला नेली, तिथून ती रशियनांच्या हाती लागून मॉस्कोला गेली, मग तुलूजला परतली आणि तिथे वर्षानुवर्षे ओळख न पटता पडून राहिली. १९९० नंतर तिचा पत्ता लागला. पण शोधणारे होते म्हणून ती सापडली. आता आपले पाहा. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश' केला. कर्जाने नागवलेल्या शेतकऱ्याचे ते मूक चित्र, त्यात तरुण शांताराम शेतकरी झालेले. ज्यांनी पाहिले ते जन्मभर त्याच्याविषयी बोलत राहिले. आज तो मूकपट कुठेही नाही. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले आणि आज उरलेले जेमतेम तीसच्या आसपास, तेही पुष्कळसे तुकड्यांत. काही आगीत गेले, काही दमटपणात कुजले, आणि किती तरी रिळे त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी चक्क वितळवली गेली. पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायरांनी वणवण करून जे वाचवले ते वाचले. तरी २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत शेकडो चित्रपटांची जुनी नायट्रेटची रिळे खाक झाली. पुष्कळांच्या नकला आधीच निघाल्या होत्या, हे आपले नशीब.

मग आपण इतकी वर्षे काय केले? आपण पूजा केली! पूजेत आपला हात कोणी धरणार नाही. भावे, दीनानाथ, बालगंधर्व ही तिन्ही नावे आम्ही सांगली-मिरजेच्या नाट्यगृहांना दिली. जयंतीला हार, पुण्यतिथीला हार, मध्ये एखादा पुतळा. नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांचे शालू, त्यांचा अंबाडा, त्यांची पदर घेण्याची ढब पाहून एके काळी घराघरांतल्या बायका नटायला शिकल्या. पॅरिसच्या कोणत्याही तारकेला मिळाला नसेल असा तो मान. तेच बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ होऊन, पुरुषवेषात पडद्यावर आले. मास्टर दीनानाथांनी १९३४ मध्ये नाटक कंपनीची पुंजी चित्रपटात ओतून 'कृष्णार्जुन युद्ध' काढले. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांना मी विचारतो: तुमच्यापैकी कितीजणांनी 'धर्मात्मा' पाहिला? 'कृष्णार्जुन युद्धा'चे काय झाले याची चौकशी तरी कितीजणांनी केली? पूजेला मूर्ती लागते, चित्रपट लागत नाही. मूर्ती हलत नाही, बोलत नाही, उलट प्रश्न विचारत नाही. म्हणून ती आपल्याला सोयीची. ज्याला आपण देव केले त्याच्याकडे नीट पाहण्याची जबाबदारी संपते. फ्रेंचांनी आपल्या नटांना देव केले नाही. त्यांना ते पुन्हा पुन्हा पाहत राहिले, त्यांच्यावर भांडत राहिले, त्यांना नावेही ठेवीत राहिले. म्हणून ते जिवंत आहेत आणि आपले फोटोत आहेत.

काही जाणते लोक म्हणतील, जुने चित्रपट संथ असतात, आवाज खरखरतो, आजची मुले बसणार नाहीत. मुले रात्र-रात्र जागून उपशीर्षके वाचत फ्रेंच आणि कोरियन चित्रपट पाहतात, हे या जाणत्यांना ठाऊक नसावे. ज्या पोराला परक्या भाषेचा अडसर वाटत नाही, त्याला खरखरीचा वाटेल? त्याला अडसर आहे तो एवढाच, की आपण त्याला जुना चित्रपट नेहमी संस्काराचा डोस म्हणून पाजतो. "बघ, पूर्वीची माणसे कशी सोज्ज्वळ होती!" असे म्हणून 'कुंकू' दाखवला तर तो पळून जाईल आणि मी त्याला दोष देणार नाही. नीरा सोज्ज्वळ नव्हतीच मुळी. ती बंडखोर होती. आवली देवावर पायताण उगारते. या बायकांना साजूक तुपात घोळून आपणच बेचव केले.

तेव्हा माझी मागणी अगदी लहान आहे. तिला अनुदान लागत नाही की ठराव लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो आणि सांगलीत भावे गौरवपदक दिले जाते. बहुधा दिवाळीचे दिवेही तेव्हा आगेमागे असतात. त्या आठवड्यात सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात आणि साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात एकेक संध्याकाळ दोन चित्रपट लागोपाठ लावा: आधी रेन्वारचा गाबँ, मग प्रभातचे पागनीस. १९३७ मध्ये व्हेनिसने जे केले ते आपण एकदा करून पाहू. भाषण नको, हार नको, दीपप्रज्वलनही नको. दिवे घालवणे हीच त्या संध्याकाळची पूजा. कोण थोर, हे खेळ सुटल्यावर चहाच्या टपरीवर ठरू द्या. तिथे मी हरलो तरी चालेल. न पाहता हरलो तर चालणार नाही.

आणि नाट्यगृह मिळेपर्यंत थांबायचे कशाला? प्रभातचे कितीतरी चित्रपट आता घरबसल्या मिळतात. यंदाच्या भाऊबिजेला मी साताऱ्याला जाणार आहे तो रात्रीची गाडी सोडून, मुक्कामाच्या तयारीने. बहिणीला कळवून ठेवले आहे, की दिवाणखान्याच्या भिंतीवरचे कॅलेंडर काढून ठेव. भाचेरावांना यंत्र आणून पडदा उभा करण्याचे काम दिले आहे, आणि ते त्यांनी कबूल केले आहे. अट त्यांनी एकच घातली, की आधी त्यांचा बेलमोंदो पाहायचा. मी आनंदाने होकार दिला. त्यानंतर 'कुंकू' लागेल. शांताबाई उभी राहील तेव्हा मी पडद्याकडे पाहणार नाही. मी भाच्याच्या अंगठ्याकडे पाहणार आहे. तो ओठांवरून फिरायचा थांबला, तर त्या म्हाताऱ्या ऑपरेटरचे माझ्यावरचे देणे थोडे तरी फिटेल.